पडद्याअलीकडची शाळा

आपल्या सरकारी दप्तरांना मोजदादीचा सोस मोठा. किती संच बसविले, किती तासांचे प्रक्षेपण झाले, किती तालुके प्रक्षेपणाच्या टापूत आले, याचे तक्ते कोणत्याही खात्याच्या वार्षिक अहवालात बिनचूक सापडतात. परंतु संच बंद झाल्यावर त्याच्यासमोरून उठलेल्या मुलाने घरी जाऊन आजीला काय विचारले, आणि आजीने त्याला उत्तर दिले की ‘गप्प बस’ म्हणून वाटेला लावले, याची नोंद करण्यासाठी त्या तक्त्यांत रकाना आखलेला नसतो. भारतातील मुलांच्या शैक्षणिक चित्रवाणीचा सहा दशकांचा इतिहास मी जसजसा वाचीत गेलो तसतसे मला वाटू लागले की त्या इतिहासाचे मर्म नेमके या न आखलेल्या रकान्यात आहे. पडद्यावर काय दाखवावे यासंबंधी आपल्याकडे पुष्कळ विचार झाला, आणि तो बहुधा थोर माणसांनी केला. पडद्याच्या अलीकडे, मुलाच्या शेजारी, कोण बसावे याचा विचार मात्र अधूनमधूनच झाला.

आरंभ दिल्लीचा. १५ सप्टेंबर १९५९ रोजी आकाशवाणीच्या आश्रयाने आणि युनेस्कोच्या द्रव्यसाहाय्याने तेथे सुरू झालेले प्रायोगिक प्रक्षेपण आठवड्यातून दोनच दिवस असे, आणि तेही राजधानीच्या आसपासच्या थोड्या मुलखापुरते. खासगी घरांत संच जवळजवळ नव्हतेच. म्हणून वस्तीवस्तीतून ‘टेलिक्लब’ नावाची मंडळे स्थापून त्यांच्या स्वाधीन संच करण्यात आले, आणि कार्यक्रम पाहून झाल्यावर सभासदांनी त्यावर आपसांत चर्चा करावी अशी तजवीज करण्यात आली. (या आरंभकाळात दिल्लीच्या केंद्रावर पु. ल. देशपांडे यांनी काम केले होते हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच.) म्हणजे आपल्याकडील चित्रवाणीचा जन्म दिवाणखान्यात झाला नाही, तो मंडळात झाला, पाहणे आणि पाहिल्यावर बोलणे ही दोन्ही कामे तेव्हा एकाच बैठकीतली मानली गेली होती. पुढे १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी पाठ सुरू झाले तेव्हा हे धोरण बदलले. बहुतेक शाळांत प्रयोगशाळा अपुऱ्या आणि विज्ञानाचे जाणते शिक्षक त्याहून अपुरे, तेव्हा एक उत्तम शिक्षक पडद्यावर आणून तो शंभर वर्गांना वाटावा, हा त्यामागील हिशेब होता. हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही. परंतु फळ्यासमोर हाताची घडी घालून बसणारे मूल त्यामुळे पडद्यासमोर हाताची घडी घालून बसू लागले, एवढाच काय तो पालट झाला.

खरा पालट घडविण्याची ईर्षा धरली ती विक्रम साराभाईंनी. ज्या देशाच्या खेड्यांत रस्ता नाही, वीज नाही, त्या देशाने उपग्रहांचा नाद करावा काय, असे विचारणाऱ्या शहाण्यांना त्यांचे उत्तर असे की, रस्ता आणि वीज यांची वाट पाहत बसलो तर आणखी दोन पिढ्या अज्ञानात जातील, तेव्हा ज्ञान खेड्यात थेट आकाशातूनच उतरवावे. १९६९ च्या सप्टेंबरात अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला आणि एटीएस-६ हा अमेरिकी उपग्रह वर्षभर भारताला वापरण्यास मिळावा असे ठरले. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात अकालीच गेले. त्यांनी आखलेले काम पार पाडण्याची जबाबदारी पुढे ज्यांच्याकडे आली ते प्राध्यापक यश पाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ. १९७३ मध्ये ते अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे पहिले संचालक झाले. चित्रवाणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता, आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे हेच त्या उपक्रमाचे भाग्य ठरले.

१ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणी जारी होऊन जेमतेम पाच आठवडे लोटले असता, ‘साइट’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे गावे त्यासाठी निवडली होती, आणि निवडताना मागासलेपण हीच पात्रता मानली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची एक उथळ परात गावच्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात उभी राहिली. पूर्व आफ्रिकेच्या आकाशात, विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच स्थिरावलेल्या उपग्रहाकडून येणारे चित्र ती झेली, आणि जेथे वीज नव्हती तेथे संच बॅटरीवर चाले. सकाळी दीड तास मुलांसाठी राखून ठेवलेला, त्यात हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओडिया या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे. संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी. संध्याकाळी शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन यांसोबत सरकारचा आवाजही त्या पडद्यातून मोठ्याने येई, हे काळ पाहता अपरिहार्यच होते. सकाळच्या साडेबावीस मिनिटांवर मात्र दरबारी छाया पुष्कळ कमी पडली.

महाराष्ट्राचे एकही गाव त्या चोवीसशेत नव्हते. तरीही या कथेत मुंबईचा वाटा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याकरिता ‘इस्रो’ने मुंबईत स्वतंत्र स्टुडिओ थाटला. ज्या कुलाब्याहून यश पाल अहमदाबादेस गेले त्याच कुलाब्याच्या संस्थेच्या छायेत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जन्मास आले होते, आणि विज्ञान हा पाठ करण्याचा विषय नव्हे, हाताने करून पाहण्याचा आहे, असे मानणाऱ्या माणसांचा मेळा तेव्हा या शहरात जमला होता. हेच केंद्र त्या दिवसांत खानदेशातील खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत शिक्षकांबरोबर काम करू लागले होते. मुंबईच्या स्टुडिओत जे कार्यक्रम झाले त्यांचा रोख असा की, व्याख्या आणि सूत्रे यांना फाटा देऊन गावच्या मुलाला रोज दिसणाऱ्या वस्तूंकडेच नव्या नजरेने पाहावयास लावावे. ज्या मुलाने शहर पाहिलेले नाही त्याला प्रयोगशाळेतील काचपात्रे दाखविण्यात हशील नाही, हे उमजण्यास मोठी बुद्धी लागते असे नव्हे. परंतु ते उमजून तसे वागणारी खाती मी थोडीच पाहिली आहेत.

त्याच वर्षात आणखी एक गोष्ट घडली. केवळ मुलांपुढे पडदा मांडून भागणार नाही, शेजारचा शिक्षकही तयार असला पाहिजे, या विचाराने सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. चित्रवाणीवरील पाठ, नभोवाणीवरील प्रश्नोत्तरे आणि प्रत्येक ठिकाणी हजर असलेल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली हाताने करावयाचे प्रयोग, अशी त्याची त्रिविध मांडणी होती.

प्रयोग एका वर्षाने, ३१ जुलै १९७६ रोजी, संपला. उपग्रह ज्याचा त्याने परत नेला. (जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना १९४५ मध्येच मांडणाऱ्या आर्थर क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी ‘इस्रो’च्या अभियंत्यांनी या काळात तशीच एक परात बसवून दिली होती. सिंहलद्वीपातील तो बहुधा पहिलाच चित्रवाणी-संच, आणि त्यावर दिसत ते बिहार-ओरिसातील शेतकऱ्यांसाठी केलेले कार्यक्रम.) प्रयोगाचे मूल्यमापन करणाऱ्यांनी एक असामान्य गोष्ट केली होती: प्रश्नावल्या घेऊन गावात उतरणे आणि संध्याकाळी जीपने परतणे, या रूढ पद्धतीऐवजी मानवशास्त्रज्ञांना काही गावांतून महिनोन्महिने वस्तीस ठेवले होते. त्यांच्या आणि इतर पाहणी करणाऱ्यांच्या निष्कर्षांत मुलांसंबंधी जे आले ते मननीय आहे. शाळेतील पटसंख्या चित्रवाणीमुळे वाढली नाही, गळती थांबली नाही. ज्यांनी या दोन आकड्यांवर आशा ठेवली होती त्यांची निराशा झाली. परंतु मुलांच्या भाषेत फरक पडला. त्यांचा शब्दसंग्रह आणि बोलणे सुधारले, आणि पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीविषयी इतरांकडून, इतर साधनांतून, अधिक जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली. शाळेच्या हजेरीपटावर जे उमटले नाही ते त्यांच्या जिभेवर उमटले होते. मला हा निष्कर्ष त्या साऱ्या खटाटोपाचे सार्थक वाटतो. दिल्लीच्या कचेऱ्यांना तो तसा वाटला असेल की नाही, याविषयी मला शंका आहे.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हेच सत्य निराळ्या वाटेने हाती आले होते. १९६६ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील जोन गँझ कूनी यांच्या घरच्या भोजनप्रसंगी लॉइड मॉरिसेट यांनी आपली लहानगी मुलगी पहाटे उठून प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीचे नुसते चाचणीचित्र पाहत बसते, असे सांगितले. त्या संभाषणातून १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ अवतरले. गरीब वस्तीतील मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच अक्षर-अंकांची ओळख व्हावी हा त्याचा उघड हेतू. परंतु त्याच्या कर्त्यांनी प्रसिद्ध नटांना, गवयांना पाचारण केले, मोठ्यांनाच कळतील असे विनोद पेरले, ते एवढ्यासाठी की आईबापांनाही मुलाजवळ बसावेसे वाटावे. पहिल्याच वर्षीच्या पाहणीत असे दिसले की, ज्या मुलांची प्रगती सर्वांत जास्त झाली त्यांच्या माता बहुधा त्यांच्यासह कार्यक्रम पाहत आणि नंतर त्याविषयी त्यांच्याशी बोलत. बाहुल्यांची कीर्ती जगभर झाली. त्या मातांची कोणी गायिली नाही.

आता आपल्या घरी यावे. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यातही दिसू लागले. संच महाग, तो ठेवण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दर वर्षी शुल्क भरावे लागे. त्यामुळे चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे, आणि संध्याकाळी त्या खोलीत मजल्यावरची सारी मुले, त्यांच्या मागे त्यांच्या आया, उंबऱ्यावर म्हातारी माणसे आणि खिडकीत उरलेले सगळे, अशी बैठक जमे. गैरसोय होई, यजमानीण कुरकुरे, पण मुलाला पडलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यास त्या खोलीत दहा माणसे हजर असत आणि दहांची उत्तरे भिन्न असत. मुलांसाठी ‘किलबिल’ होतेच. परंतु माझ्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण प्रौढांसाठी असलेल्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाचे आहे. त्याचे निर्माते आकाशानंद यांनी प्रेक्षकांस पाहून गप्प बसू दिले नाही. पत्रे लिहा, मंडळे काढा, पाहिले ते करून पाहा, असा धोशा लावला, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. दिल्लीच्या टेलिक्लबांत जे सरकारी योजनेने घडावयाचे होते ते येथे एका निर्मात्याच्या चिकाटीने आणि लोकांच्या हौसेने घडले. घरातील वडीलधारी माणसे स्वतः जिज्ञासू झाली तर मुलांच्या जिज्ञासेसाठी वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही, हे या मंडळांनी दाखवून दिले.

१९८३ च्या ऑगस्टात इन्सॅट-१ बी आकाशात गेला आणि स्वतःच्या उपग्रहावरून शिक्षण प्रसारित करण्याचा मार्ग मोकळा झाला. सहा राज्यांत त्यासाठी शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी, सुरू झाली आणि ‘बालचित्रवाणी’ या नावाने घरोघर परिचित झाली. ज्यांचे बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत गेले अशा मराठी माणसापुढे हे नाव नुसते उच्चारावे, की तो सकाळच्या प्रक्षेपणाची, सुट्टीच्या दिवशी आजारी पडल्याचे सोंग न करताही संचासमोर बसता येण्याच्या त्या मुभेची आठवण सांगू लागतो. कार्यक्रम साधे होते. काही तर कंटाळवाणे होते, हे प्रेमापोटी लपविण्याचे कारण नाही. परंतु कागदाची वस्तू करणे, पक्षी ओळखणे, गणिताचे कोडे सोडविणे, एखादी गोष्ट नाट्यरूपाने पाहणे, हे सारे शुद्ध, घरच्या मराठीत आणि मराठी मुलुखातील चेहऱ्यांनी घडत होते. खेड्यातील शाळेत सरकारने दिलेला संच मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद असल्याच्या तक्रारी त्या काळी सार्वत्रिक होत्या, आणि संच फुटेल म्हणून तो न लावणारा मुख्याध्यापक हा आपल्या प्रशासनाचा एक नमुनेदार पुरुष मानला पाहिजे. म्हणून बालचित्रवाणीची खरी शाळा बहुधा घरीच भरली.

त्याच काळात राष्ट्रीय वाहिनीवर, १९९१ पासून, ‘टर्निंग पॉइंट’ आले आणि त्यात यश पाल पुन्हा अवतरले. या वेळी संचालक म्हणून नव्हे, तर प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर लिहून पाठविलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारे पांढऱ्या केसांचे आजोबा म्हणून. उत्तर देताना ते अडखळत, विचारात पडत, कधी प्रश्नच अधिक मोठा करून परत देत. आणि ज्ञानी माणूसही विचार करण्यास वेळ घेतो हे लाखो मुलांनी प्रथमच पडद्यावर पाहिले. आपल्या जयंत नारळीकरांची रीतही याच जातीची: स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांची ‘ब्रह्मांड’ ही मालिकाही त्याच दशकात दूरदर्शनवर आली. १९९३ मध्ये यश पाल यांच्या समितीने शालेय शिक्षणाच्या ओझ्यासंबंधी जो अहवाल दिला त्याची गाजलेली वाक्ये पुष्कळ उद्धृत होतात. परंतु तो लिहिणाऱ्या माणसापुढे देशभरच्या मुलांच्या पोस्टकार्डांचा ढीग होता, ही गोष्ट विसरली जाते.

पुढची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. केबलच्या वाहिन्या आल्या, संच खोलीखोलीत गेले, आणि मुलाच्या शेजारची जागा रिकामी होत गेली. २००६ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’चे भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ चमकी, गुगली, बूम्बा आणि आंचू यांना घेऊन आले. त्याच्या कर्त्यांनी शहरांतील झोपडवस्त्यांतून भाजीच्या हातगाड्यांवर संच ठेवून कार्यक्रम दाखविले, ही गोष्ट त्यांच्या इतर यशापेक्षा मला मोलाची वाटते, कारण हातगाडीभोवती मूल एकटे उभे राहू शकत नाही. इकडे बालचित्रवाणीचे केंद्राकडून येणारे अनुदान बंद झाले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने संस्थाच बरखास्त केली. काळ बदलला, आता संगणकीय साहित्याचे दिवस आहेत, हे समर्थन अगदीच निराधार नव्हते. पण तीन दशकांत मराठी मुलांसाठी केलेले काही हजार कार्यक्रम ही एक सार्वजनिक ठेव होती, आणि तिच्या मोडीची बातमी एखाद्या तोट्यातील महामंडळाच्या बातमीसारखी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली, याचे दुःख वाटल्याखेरीज राहत नाही.

तीनच वर्षांत त्याची उणीव भासली. २०२० च्या जूनमध्ये महासाथीमुळे शाळा उघडल्या नाहीत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन होते त्यांचे वर्ग त्यावर भरले, ज्यांच्या घरी नव्हते ती मुले अंगणात राहिली. अशा वेळी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली: पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेस रोज अर्धा तास, रविवार वगळता साठ दिवस, एकूण चारशे ऐंशी भाग. पाठ्यपुस्तकाचा आधार होता, पण पाठ वाचून दाखविणे नव्हते. पुस्तकातील कल्पना मुलाने घरात, परसात, शेतावर, हाताशी असेल त्या वस्तूने आणि घरात असेल त्या माणसाला सोबत घेऊन अनुभवावी, अशी त्याची रचना होती; आई, आजोबा, शेजारची ताई ही मंडळी त्यात प्रेक्षक न राहता अध्यापक झाली. साठ वर्षे जो रकाना अहवालांत आखला गेला नव्हता तो येथे प्रथमच अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आला, आणि तो आणण्यास शाळांना कुलूप लागावे लागले.

मालिका २६ सप्टेंबर २०२० रोजी संपली. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शैक्षणिक वाहिन्यांची संख्या बारावरून दोनशेवर नेण्याची घोषणा झाली. प्रत्येक इयत्तेला वाहिनी, प्रत्येक भाषेत पाठ. घोषणा उत्तम आहे, आणि मराठीच्या वाट्याला जे तास येतील ते कोणी नाकारू नयेत. परंतु माझ्या मते या सगळ्या इतिहासात अनुकरणीय असे नमुने दोनच आहेत, ‘साइट’मधील सकाळची साडेबावीस मिनिटे आणि ‘टिलीमिली’चा अर्धा तास, पहिल्याने शेजारी बसणाऱ्या शिक्षकाला तयार केले आणि दुसऱ्याने घरातील माणसाला. नव्या दोनशे वाहिन्यांचे कारभारी यांपैकी एक जरी काम अंगावर घेणार नसतील, तर त्यांनी शंभर वाहिन्या कमी कराव्यात आणि त्या पैशात ‘टिलीमिली’ दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत, संध्याकाळी, घरची माणसे कामावरून परतल्यावर दाखवावी.